रुमालाखालचा हात आणि मोबाईलवरची बोली

परवा रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. "मामा, जरा घराकडं येता काय? फोनवर नको."

गेलो. सोप्यात एकटाच बसला होता, टीव्ही बंद. मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "गंडलो बघा."

झालं होतं असं. एका समाजमाध्यमावर त्याला जाहिरात दिसली: जप्त ट्रॅक्टरांचा ऑनलाईन लिलाव. एका नावाजलेल्या फायनान्स कंपनीचं नाव, चिन्ह, सगळं हुबेहूब. चार वर्षं वापरलेला ट्रॅक्टर, बोली दीड लाखापासून सुरू. शेवटचा अर्धा तास राहिल्याचं घड्याळ पडद्यावर उलटं पळत होतं. हा पाच हजार वाढवायचा, की समोरचा कुणी "पाटील ०७" लगेच पाच हजार वाढवायचा. शेवटी यानं २,१०,००० वर बोट दाबलं आणि पडद्यावर फुलं उधळली: अभिनंदन, लिलाव तुम्ही जिंकलात!

मग पैसे सुरू झाले. अनामत म्हणून दहा टक्के, म्हणजे २१,०००. दुसऱ्या दिवशी ना हरकत दाखला आणि आरटीओसाठी १२,५००. तिसऱ्या दिवशी वाहतूक आणि जीएसटीचे १३,०००. एकूण ४६,५००. चौथ्यांदा विम्याचे १८,००० मागितले तेव्हा याच्या डोक्यात उजेड पडला. "आधी ट्रॅक्टर दाखवा" म्हटल्यावर फोन बंद. तो बंद झाला तो झालाच.

मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर यानंतर चार दिवस तो गप्प बसला. बायकोला सांगितलं नाही, पोलिसांत गेला नाही. "लोकं हसतील मामा. शिकलेला असून गंडला म्हणतील."

मी त्याला रागावलो नाही. घरी आलो, वरच्या फळीवरची वडिलांची पत्र्याची पेटी काढली आणि त्यातल्या गुळाच्या पट्ट्या बघत बसलो. ही पोस्ट त्या पट्ट्यांमुळं लिहितोय. लांब आहे, पण गारगोटीतल्या आणि भुदरगडातल्या आपल्या माणसांनी शेवटपर्यंत वाचावी.

पट्टी

माझ्या लहानपणी वेदगंगेच्या काठाला आमचं गुऱ्हाळ चालायचं. गुळाचे रवे ट्रकात भरून रात्री कोल्हापूरला जायचे आणि वडील ट्रकातच बसून जायचे. कोल्हापूर हे गुळाचं गाव झालं त्यामागं मोठी योजना होती. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. आजूबाजूच्या तालुक्यांतला गूळ तिथं उतरायचा आणि रेल्वेनं बाहेर जायचा. पुढं बाजार मार्केट यार्डात गेला. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

सकाळी सौदे निघायचे. अडत्याच्या दुकानापुढं रवे मांडलेले, व्यापारी घोळक्यानं फिरणार, कोपरा काढून रंग बघणार, जिभेवर ठेवणार आणि सगळ्यांदेखत बोली लागणार. वडील परत आले की आई आधी विचारायची, "पट्टी आणली काय?" पट्टी म्हणजे विक्रीचा कागद. किती रवे, किती वजन, काय दर, अडत किती, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. आईला वाचता येत नव्हतं. वडील मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि ती एक एक आकडा बोटांवर धरायची. दर कमी लागला तर दोघंही वैतागायचे, पण पट्टी बघून वैतागायचे. पैसे कुठं गेले हे त्यांना कळायचं.

भाच्याकडं ४६,५०० रुपयांची काय पट्टी आहे? तीन स्क्रीनशॉट.

रुमालाखाली

वडिलांच्या पिढीला मिळालेली ती पट्टी आणि ती उघडी बोली आपोआप आली नव्हती. त्याआधीचा बाजार कसा होता हे आपण विसरलोय.

जुन्या बाजारात दर ठरायचा रुमालाखाली. याला हत्ता पद्धत म्हणत. व्यापारी आणि दलाल एकमेकांचा हात हातात घेणार, वर उपरणं किंवा रुमाल टाकणार आणि आत बोटं दाबून आकडा सांगणार. किती बोटं धरली, किती वेळा दाबली, त्यावर दर. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाच्या हालचाली बघत राहणार. एका व्यापाऱ्यानं किती सांगितलं हे दुसऱ्याला कळत नाही आणि शेतकऱ्याला तर कुणाचंच कळत नाही. दलाल जो दर सांगेल तो दर. जनावरांच्या बाजारात ही रुमालाखालची बोटं अजूनही बघायला मिळतात.

बोलण्यातही पडदा असायचा. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. शेतकऱ्यासमोर दोघं त्याच्याच मालाचा भाव बोलणार आणि त्याला वाटणार, काहीतरी घरगुती चाललंय. त्यात वजनात कडता, नमुना म्हणून मूठभर माल, धर्मादाय, आणखी काय काय. शेतकरी अडाणी होता म्हणून लुटला जायचा असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. पहिलवान असो की पंडित, रुमालाखालचं कुणालाच दिसत नसतं.

हा रुमाल बाजूला करायला फार वर्षं लागली. देशातला पहिला नियंत्रित बाजार आपल्याच महाराष्ट्रात, वऱ्हाडातल्या कारंजा इथं, १८८६ मध्ये कापसासाठी सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रज सरकारला शेतकऱ्याचा कळवळा आला होता असं नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता. पण त्या निमित्तानं बाजाराला वेस आणि नियम आले. १९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजार कायदा झाला. १९२८ मध्ये लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगानं अहवाल दिला आणि नियंत्रित बाजार सगळीकडं करा म्हणून सांगितलं. १९३९ मध्ये मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजार कायदा आला, स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा झाला आणि १९६७ पासून तो लागू झाला.

या कायद्यांनी केलं काय? दर उघड लिलावानं ठरला पाहिजे, गुप्त खुणांनी नाही. व्यापाऱ्याला आणि अडत्याला परवाना पाहिजे. वजन तपासलेल्या काट्यावर, परवानाधारक तोलाईदाराकडून. ठरलेल्यापेक्षा जास्त कपात नाही. पैसे त्याच दिवशी. भांडण झालं तर बाजार समितीकडं दाद. हे सगळं कागदावर होतं तसं प्रत्यक्षात झालं असं मी म्हणणार नाही. बाजार समित्यांचं राजकारण आपण सगळ्यांनी बघितलंय आणि अडत्याकडं पैशासाठी खेटे घातलेली माणसं या पोस्टखाली कॉमेंट करतीलच. पण निदान खेटे घालायला दुकान होतं. माणूस होता. परवान्याचा नंबर होता.

लिलाव हा शब्द

लिलाव हा शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत लेलांव. आपला जुना शब्द हर्रास, तो अरबी 'हराज' वरून. घाट उतरून गोव्याकडं गेलात तर देवळातल्या उत्सवात फळांची, नारळांची बोली लागते, तिला पावणी म्हणतात. तिथं माणूस मुद्दाम जास्त बोली लावतो, कारण पैसे देवाला जातात. लिलावात हरखून जाऊन जास्त पैसे मोजायची हौस आपल्या रक्तात आहे. पावणीत ती शोभते.

पण गेल्या दीडशे वर्षांत मराठी शेतकऱ्याच्या कानाला लिलाव हा शब्द जप्तीच्या जोडीनंच ऐकू आलाय. ब्रिटिश मुलखात सावकार कोर्टात दावा लावायचा, शेतकरी हजर राहायचा नाही, हुकूमनामा एकतर्फी व्हायचा आणि जमिनीचा लिलाव निघायचा. बोली लावायला येणार कोण? बऱ्याचदा सावकारच, नाहीतर त्याचा माणूस. मातीमोलानं जमीन जायची. हा राग साठत गेला आणि १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला फुटला. लोकांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला.

पुढं १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कोर्टाच्या लिलावाचे बारीक नियम दिसतात. लिलावाची जाहीर दवंडी द्यायची. ठरावीक दिवस मध्ये जाऊ द्यायचे. ज्याच्या बाजूनं हुकूमनामा झालाय त्यानं कोर्टाच्या परवानगीशिवाय स्वतः बोली लावायची नाही. जमीन, घर घेणाऱ्यानं २५ टक्के रक्कम तिथल्या तिथं भरायची आणि बाकीची पंधरा दिवसांत. प्रत्येक नियमामागं कुणाची तरी बुडालेली जमीन आहे असं समजून वाचा.

आता भाच्याचा "पाटील ०७" आठवा. तो पाटील म्हणजे बहुतेक लिलाव लावणाऱ्याच्याच हाताचं बाहुलं होतं. याच्या प्रत्येक बोलीवर पाच हजार चढवायला ठेवलेलं. हीसुद्धा जुनी खोड आहे. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात कलम ६४ फक्त लिलावावर आहे. विकणाऱ्याला स्वतः बोली लावायची असेल तर ते आधी जाहीर केलं पाहिजे. त्यानं खोटे बोलीदार उभे करून भाव चढवला, तर घेणाऱ्याला तो सौदा मोडता येतो. हातोडा पडेपर्यंत आपली बोली मागं घेता येते. म्हणजे शंभर वर्षं व्हायला आली, आपला कायदा "पाटील ०७" ला ओळखून आहे. अडचण एवढीच की सौदा मोडायला समोर कुणीतरी असावं लागतं.

ज्याची वस्तू नाही त्याचा लिलाव

जगाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फसवा लिलाव इसवी सन १९३ मध्ये रोममध्ये झाला. बादशहाच्या अंगरक्षक सैन्यानंच बादशहाला मारलं आणि गादीची बोली लावली. डिडियस ज्युलियानस नावाच्या श्रीमंत माणसानं प्रत्येक सैनिकाला भरघोस रक्कम कबूल केली आणि साम्राज्य "जिंकलं". ६६ दिवसांनी त्याचा खून झाला. विकणाऱ्यांची ती गादी नव्हतीच. जे आपलं नाही ते त्यांनी विकलं आणि यानं विचारलं नाही.

भाच्याला मी हे सांगितलं तर तो पहिल्यांदाच जरा हसला. "म्हणजे मी एकटा न्हवं."

बाजार फोनमध्ये आला

१९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिड्यार या तरुणानं इंटरनेटवर लिलावाचं एक पान सुरू केलं. पुढं त्याचं नाव ईबे. तिथं विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे मोडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. अनोळखी माणसं एकमेकांवर भरवसा कशी ठेवणार हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. म्हणून १९९६ मध्ये त्यांनी सोय केली: व्यवहार झाल्यावर दोघांनी एकमेकांबद्दल चांगला-वाईट शेरा लिहायचा. गावात "तो माणूस व्यवहाराला चोख आहे" असं म्हणतात, ते त्यांनी पडद्यावर आणलं. मग लोकांनी खोटे शेरे लिहायला सुरुवात केली, तो भाग वेगळा.

आपल्याकडं २००० च्या सुमारास मुंबईतून बाझी डॉट कॉम सुरू झालं आणि २००४ मध्ये ईबेनं ते विकत घेतलं. त्याच वर्षी एका वापरकर्त्यानं तिथं अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि डिसेंबरात कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. बाजारात कुणी वाईट माल आणला तर बाजार चालवणारा जबाबदार का, यावर देशभर चर्चा झाली. २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा बदलला. मध्यस्थानं योग्य ती काळजी घेतली असेल, तर दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर नाही, असं ठरलं.

मला वाटतं, आपल्या गोष्टीतलं वळण इथं आहे. बाजार समितीच्या कायद्यानं मध्यस्थाला परवाना घ्यायला लावला, अनामत भरायला लावली, दप्तर ठेवायला लावलं. इंटरनेटच्या बाजारात मध्यस्थ म्हणतो, मी फक्त जागा देतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी थोडी लगाम घातली. विक्रेत्याची माहिती दाखवायची, तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. पण जाहिरातीवरून व्हॉट्सॲपवर गेलात की कुठला अधिकारी आणि कुठली पोच? भाच्याचा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर झाला. म्हणजे बाजाराच्या वेशीबाहेर, चिंचेखाली, रुमालाच्या आत.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे पाठवणं चहा पिण्याइतकं सोपं झालं. त्यानं गरिबाचं भलं झालं यात शंका नाही. आपल्या बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या मावशीकडंही कोड लावलेला आहे. पण पैसे सेकंदात जातात, तसे सेकंदात पसारही होतात. ऑनलाईन सौद्यातली फसवणूक दोन बाजूंनी होते हेही ध्यानात घ्या. घेणारा फसतो तसा विकणाराही फसतो. जुना फ्रिज, मोटरसायकल, कपाट विकायला ठेवलं की फोन येतो: "मी लष्करात आहे, बदली झालीय, बघायला येता येत नाही, पैसे आत्ता पाठवतो." कोड पाठवतो, म्हणतो स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. आपल्या जिल्ह्यात घराघरात जवान आहे. फौजी म्हटलं की आपण मान झुकवतो. चोरानं नेमकी तीच जागा शोधलीय. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो, कुठल्या तरी खऱ्या जवानाचा चोरलेला. खरा फौजी तुमच्या फ्रिजसाठी ओळखपत्र व्हॉट्सॲप करत बसणार नाही.

कायमचं पाठ करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याला यूपीआयवर "पैसे द्या" अशी विनंती पाठवायची सोय बंद झालीय, कारण तिचा याच कामासाठी फार गैरवापर झाला. पण कोड स्कॅन करायला लावणारे अजून आहेतच.

खरा लिलाव ओळखायचा कसा

ऑनलाईन लिलाव सगळेच खोटे असतात असं समजू नका. सरकार स्पेक्ट्रम ऑनलाईन लिलावानं विकतं. २०१० चा थ्रीजीचा लिलाव ३४ दिवस, १८३ फेऱ्या चालला. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम सुरू झालं. त्यात शेतमालाची प्रत तपासून पडद्यावर बोली लागते. सरकारी बँकांनी जप्त केलेल्या घरांचे, जमिनींचे लिलाव निघतात. त्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये बँकनेट हे नवं संकेतस्थळ सुरू झालंय. या बँक लिलावांचे नियम २००२ चे. त्यातही यशस्वी बोलीदारानं २५ टक्के लगेच, म्हणजे त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे आणि बाकीचे साधारणपणे विक्री पक्की झाल्यापासून पंधरा दिवसांत. १९०८ च्या कोर्ट लिलावाचाच हा नातू.

खऱ्या लिलावातही डोळे उघडे पाहिजेत. बँकेच्या नोटिशीत लिहिलेलं असतं: जसं आहे तसं, जिथं आहे तिथं. म्हणजे घरात कुणी राहत असेल, थकबाकी असेल, तर ते तुमच्या गळ्यात. शिवाय बोली म्हणजे शेवटची किंमत नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून मिळवली. सगळ्यांना अभिमान वाटला. त्या वेळी जाहीर झालेल्या ४७ लाख १५ हजारांच्या आकड्यात नुसती बोली नव्हती, हाताळणी, वाहतूक आणि विमाही धरलेला होता. सरकार वरचा खर्च आधी मोजतं. आपण बोली जिंकल्यावर मोजायला बसतो.

भाच्याबरोबर बसून आम्ही एक यादी केली. यादी नवी नाही. वडिलांच्या पट्टीतल्याच गोष्टी आहेत.

१. माल डोळ्यांनी बघा. ट्रॅक्टर असेल तर जिथं उभा आहे तिथं जा, मेकॅनिक घेऊन जा. "आत्ता दाखवता येत नाही" म्हटलं की विषय संपला. वडील रवा चाखल्याशिवाय व्यापाऱ्याला पुढं जाऊ देत नव्हते, आणि आपण दोन लाखांची वस्तू फोटोवर घेतो.

२. मालकी तपासा. गाडीचा नंबर सरकारी एम-परिवहन ॲपवर टाका. कर्ज कुणाचं आहे, नोंद काय आहे, दिसतं. जमीन, घर असेल तर सातबारा, फेरफार, बोजा, आणि वकिलाचं मत. डिडियसला विसरू नका.

३. लिलाव कोण करतंय ते जाहिरातीवरून ठरवू नका. कंपनीचा किंवा बँकेचा नंबर जाहिरातीतला घेऊ नका. गारगोटीत किंवा कोल्हापुरात त्यांची शाखा असेल तर तिथं जाऊन विचारा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

४. अनामत कुणाच्या खात्यात जातेय ते बघा. कंपनीचा लिलाव आणि पैसे कुणा अनोळखी माणसाच्या वैयक्तिक खात्यात, असं असेल तर तो लिलावच नाही. नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका.

५. घड्याळाला भिऊ नका. "शेवटची दहा मिनिटं" हे तुम्ही कुणाला विचारू नये म्हणून असतं. बोली लावायच्या आधी कागदावर आकडा लिहा आणि त्याच्या वर जाऊ नका. घरातल्या एका माणसाला सांगून मगच बोट दाबा.

६. एकदा पैसे दिल्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा "फक्त एवढेच" मागणारा चोर असतो. आधीचे वाचवायला पुढचे देऊ नका. भाच्याचे २१,००० वरचे २५,५०० असेच गेले.

७. विकताना रोख घ्या, नाहीतर पैसे आपल्या खात्यात दिसल्याशिवाय वस्तू देऊ नका. समोरच्यानं दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा.

८. गंडलात तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा. हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आधी अडवता येतात. नंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला लेखी कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, फोन नंबर काही पुसू नका. रागानं चॅट डिलीट करणारे बरेच असतात. तीच तुमची पट्टी आहे.

चार दिवस

भाच्याला घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. तक्रार झाली. पहिला प्रश्न आला, "लगेच का आला नाहीत?" तो खाली बघत राहिला. पैसे पहिल्या खात्यातून त्याच दिवशी पुढं गेले होते. परत मिळतील की नाही, आज सांगता येत नाही.

त्या चार दिवसांचं मला राहून राहून वाईट वाटतं. चोरानं ४६,५०० नेले. पण तक्रार करायची वेळ नेली ती आपण, म्हणजे गावानं. "एवढं कसं कळलं नाही" म्हणणाऱ्या आपल्या तोंडांनी. १९४२ मध्ये कचेरीवर चाल करून जाणाऱ्यांचं हे गाव. इथं एक पोरगं शेजारी काय म्हणतील म्हणून चार दिवस दार लावून बसतं, हे काही बरोबर नाही.

रुमालाखालचा व्यवहार बंद झाला तो एकेका शेतकऱ्याच्या हुशारीनं नाही. लोक ओरडले, कुणी साक्षी दिल्या, आयोगांनी लिहून घेतल्या, मग कायदे झाले. ज्या दिवशी प्रत्येक फसलेला माणूस शरमेनं गप्प राहिला असता, त्या दिवशी आपण आजही दलालाच्या उपरण्याकडंच बघत उभे असतो. ऑनलाईन बाजाराचे नियम अजून घडतायत. ते घडायला तक्रारी लागतात, आकडे लागतात. तुमची न केलेली तक्रार म्हणजे चोराच्या खात्यात आणखी एक जमा.

भाच्याची परवानगी घेऊनच हे लिहिलंय. नाव टाकू नका म्हणाला, टाकलं नाही. पण शेवटी स्वतःच म्हणाला, "मामा, लिवा. अजून कोण तरी त्या ट्रॅक्टरवर बोली लावत असंल."

खरंच असेल. म्हणून ही पोस्ट आपापल्या गावच्या, भावकीच्या, सोसायटीच्या, दूध संस्थेच्या ग्रुपवर पाठवा. कुणी असं फसलं असेल आणि कॉमेंटमध्ये लिहायचं नसेल, तर मला मेसेज करा. तक्रार नोंदवायला बरोबर येतो. हसणार नाही.